चौथ्या मजल्यावरचा गावठी

सासूबाई गावच्या घरी खळ्यात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या एकट्याच राहत होत्या. दीड तास त्या तिथेच, सारवलेल्या अंगणात पडून होत्या आणि त्यांचा कुत्रा शेजारी बसून होता. तो कुणाला बोलवायला वगैरे गेला नाही. बसून राहिला. शेवटी शेजारीण फणसाचे गरे द्यायला आली, तेव्हा तो तिच्यावर भुंकला.

ऑपरेशन तिकडेच झालं. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की निदान वर्षभर यांना एकटं ठेवू नका. आमची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती, मुलुंडच्या घरात तिची खोली रिकामी होती, त्यामुळे प्रश्न जागेचा नव्हता. मी एक यादी केली. बाथरूमच्या भिंतीला धरायचे दांडे, कमोडवर बसवायची उंच सीट, वॉकर, रबराची मॅट, पलंगाजवळ घंटी. एकेक गोष्ट आणून मी त्यापुढे खूण करत गेले. यादीत कुत्रा नव्हता.

नवरा त्यांना आणायला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"आई म्हणते कुत्रा पण येणार."

"नाही हं."

"मी पण नाहीच म्हटलं."

"मग?"

"मग ती गाडीत बसत नाहीये."

संध्याकाळी सातच्या सुमाराला गाडी सोसायटीच्या गेटमधून आत आली. पुढे ड्रायव्हर आणि नवरा, मागच्या अख्ख्या सीटवर सासूबाई आडव्या आणि खाली पायाशी कुत्रा. वाटेत तो तीनदा ओकला होता. ड्रायव्हरने त्याबद्दल मला सविस्तर सांगितलं. मी कुत्र्याकडे पाहिलं. तांबूस अंग, पाठीवर काळपट झाक, वर वळलेली शेपटी, एक कान उभा आणि दुसऱ्याचं टोक कधीतरी कुणीतरी खाल्लेलं. मध्यम उंची, मध्यम जाडी. हरवला तर पोलिसांत वर्णन देऊन उपयोग झाला नसता. अशी कुत्री आमच्या गल्लीत पंधरा होती आणि ती चुकवण्यासाठी मी रोज शाळेला जाताना लांबून वळसा घालत असे. मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी बोरिवलीला एक चावलं होतं, तेव्हापासून.

सासूबाईंना व्हीलचेअरवरून लिफ्टने वर नेलं. लिफ्टचं दार पुन्हा उघडलं तेव्हा कुत्र्याने आत डोकावून पाहिलं. खिडकी नसलेली ती खोली त्याला पसंत पडली नाही. तो बाहेरच बसला. नवऱ्याने उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने दात दाखवले, तेही एकाच बाजूचे. मग दोघं चार मजले जिन्याने चढून आले. आमच्या लिफ्टमध्ये एक नोटीस होती की पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेऊ नये. सोसायटीत ती पाळणारा हा पहिलाच.

मी सासूबाईंना विचारलं, याचं नाव काय.

"कुत्रो," त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे हाक काय मारता?"

"कुत्रो. एकच तर आसा. नाव कित्याक व्हया?"

हे आमचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब संभाषण होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एका घरात सलग दहा दिवसांपेक्षा जास्त कधी राहिलो नव्हतो. सासरे मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर विक्रोळीला वॉचमनची नोकरी केली आणि मग दोघं गावी गेले. सासरे गेल्यावर सासूबाई तिथेच राहिल्या. त्या मालवणी बोलायच्या, मी घरी शिकले ते मराठी बोलायचे आणि दोघीही हसून वेळ मारून न्यायचो. त्यांचं सगळं मला कळत नसे. माझं त्यांना कळत असे, पण पटत नसे.

कुत्र्याने घर पाहून घेतलं. टाइल्सवर त्याचे पाय घसरायचे, म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने फिरला आणि शेवटी पॅसेजमध्ये एका जागी बसला. तिथून बाहेरचं दार दिसायचं, स्वयंपाकघर दिसायचं आणि सासूबाईंच्या खोलीचं दारही दिसायचं. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याला ओलांडून जाऊ लागलो. तो सरकत नसे.

आणि तो शी-शू करत नसे. घरात तर नाहीच, पण नवऱ्याने रात्री आणि सकाळी खाली नेलं तेव्हाही नाही. सिमेंटचं अंगण, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, शोभेच्या कुंड्या, सगळ्याचा वास घेऊन तो परत आला. दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेला. माझी शाळा सकाळची, घाटकोपरला, त्यामुळे दुपारी एकला मी घरी. कुत्रा त्याच जागी बसलेला. सासूबाईंनी सांगितलं की त्याला माती लागते. सोसायटीच्या मागे कंपाउंडच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथे न्यायला हवं. त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी दोन हात लांब उभी राहिले आणि "चल" म्हटलं. त्याने पाहिलं. "चल ना," म्हटलं. "बाबा, चल, प्लीज." त्याने मान दुसरीकडे वळवली.

खोलीतून आवाज आला, "तेका तसा कळणा नाय गो. 'भायर जावया' म्हण."

मी म्हटलं. तो उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. माझं एम.ए. भूगोलात झालंय आणि मी वीस वर्षं वर्गावर शिकवतेय. माझ्या एका वाक्यावर कुणी इतक्या पटकन उठल्याचं मला आठवत नाही.

मोकळ्या जागेतली माती त्याला चालली. तो बराच वेळ उभा होता. मी दुसरीकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी मला लागतील तेवढे शब्द सांगितले आणि मी ते एका वहीत लिहून घेतले. हयसर ये. मागे सर. गप रव. सोड ता. त्या पलंगावरून उच्चार दुरुस्त करायच्या. "रव" मध्ये माझा र फार शहाणा येतो असं त्यांचं म्हणणं होतं. कुत्र्याला बहुतेक माझा सूर कळत असावा, शब्द नाही, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

गावठी कुत्रा पाळणं म्हणजे काय ते मला हळूहळू कळत गेलं. तो आज्ञा पाळत नाही, ऐकून घेतो. मग विचार करतो. पटलं तर करतो. चेंडू फेकला तर तो चेंडूकडे बघतो आणि मग फेकणाऱ्याकडे, की हे तुला नको होतं का. त्याला कुरवाळलेलं चालतं, पण मोजकं. तीन-चारदा हात फिरवला की उठून दुसरीकडे बसतो. त्याच्या अंगाला वास येत नाही. आजारी पडत नाही. वर्षातून दोनदा केस गाळतो आणि तेव्हा आमटीतसुद्धा सापडतात. एका मैत्रिणीने कुत्र्यांसाठी मिळतात त्या गोळ्यांची पिशवी आणून दिली. त्याने एकेक गोळी तोंडात धरून बाल्कनीत नेली आणि तुळशीच्या कुंडीत पुरून टाकली. त्याला भात लागायचा, त्यावर माशाच्या डोक्याचं उकडलेलं पाणी. माझ्या माहेरी मासे शिजत नसत. आता माझ्या फ्रीजमध्ये बांगड्याची डोकी डब्यात भरून ठेवलेली असत आणि डब्यावर मी "कु." असं लिहून चिकटवलं होतं, म्हणजे नवऱ्याने तो चुकून ऑफिसला नेऊ नये. एकदा नेला.

लसीसाठी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. काउंटरवरच्या मुलीने कार्डावर लिहायला नाव विचारलं. नवरा म्हणाला, कुत्रो. तिने ते लिहून घेतलं आणि "अय्या, इटालियन ना?" असं विचारलं. नवरा हो म्हणाला. नंतर त्याने मला सांगितलं की समजावत बसायला वेळ नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांच्याकडे चपट्या नाकाचा एक विलायती कुत्रा आहे. त्यांनी जिन्यात मला थांबवून ब्रीड विचारली. मी म्हटलं, गावठी. त्या म्हणाल्या, असं म्हणू नका हो, यांना आता इंडी म्हणतात. खूप लोक मुद्दाम घेतात. मी वर जाऊन सासूबाईंना सांगितलं की याला आता इंडी म्हणतात.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मला तारीख माहीत नव्हती.

दुपारी शाळेतून आल्यावर मी वह्या तपासत बसायची. सासूबाई आपल्या खोलीत आणि कुत्रा दाराशी. तेव्हा त्या त्याच्याशी बोलायच्या. सुरुवातीला ती मला नुसती गुणगुण वाटायची. पण वहीतले शब्द वाढत गेले तशी ती उलगडायला लागली. एके दिवशी माझं लक्ष वहीवरून उडालं, कारण त्या त्याला सांगत होत्या की सुनेच्या आमटीत काही नसतं. नुसतं पिवळं पाणी. वाटप घालत नाही, खोबऱ्याला कंजूस, पोर तरी कशी वाढवली देव जाणे. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होत्या. कुत्र्याने काही मत दिलं नाही.

मला वाईट वाटलं. संध्याकाळी मी ते नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आमटी पातळच असते गं. मग त्याच्याशी मी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी ओलं खोबरं, धणे आणि कांदा भाजून मिक्सरला लावला आणि आमटीत घातला. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी आतून आवाज आला, "आज बरा झालेला हा." मी वही तपासत राहिले. त्यानंतर बराच काळ आमचं असंच चाललं. त्या कुत्र्याला सांगायच्या की पाठीला उशी टोचते, मी उशी बदलायची. त्या कुत्र्याला सांगायच्या की मुलगा घरी आल्यावर नुसता मोबाइलमध्ये बघतो, आणि मी ते नवऱ्याला पोचवायची. मला मालवणी कळतं हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

त्यांची एकच गोष्ट अडली होती. त्या हॉलच्या पुढे जात नव्हत्या. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायचा, चांगला तरुण माणूस. तो म्हणायचा, आजी, आज लिफ्टने खाली जाऊ या, दहा पावलं चालू या. त्या म्हणायच्या, फुडल्या आठवड्यात. दोन महिने पुढचा आठवडा आला नाही. पडायची भीती बसली होती, असं तो मला दाराशी हळू आवाजात सांगायचा.

मग एका दुपारी मी कुत्रा हरवला.

शाळेतून आले, पर्स टाकली आणि न जेवताच त्याला खाली घेऊन गेले. मार्केटच्या कोपऱ्यावर एका मोटरसायकलच्या सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज झाला. तो दचकला, मागे सरकला आणि मान खाली घालून एक झटका दिला. गावठी कुत्र्याची मान त्याच्या डोक्याइतकीच रुंद असते, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या हातात दोरी होती, दोरीला पट्टा होता आणि पट्ट्यात कुणी नव्हतं.

मी धावले. साडीत धावले. स्टेशनच्या बाजूने, बसस्टॉपच्या बाजूने, मागच्या गल्लीतून. ज्या कुत्र्यांना वळसा घालून मी इतकी वर्षं जात होते त्या सगळ्यांच्या मधून गेले, कारण प्रत्येकाचं तोंड बघावं लागत होतं. सगळी तांबूस होती. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मी मीटिंगमध्ये आहे. मग म्हणाला, निघतो. सासूबाईंना कळवायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या घरातली एवढी एकच वस्तू त्यांनी माझ्या घरी आणली होती आणि मी ती मार्केटमध्ये घालवली होती, हे मी कुठल्या भाषेत सांगणार होते. पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला रिकामा पट्टा घेऊन धावताना बाल्कनीतून पाहिलं आणि काळजीपोटी वर जाऊन त्यांना सांगितलं.

तासाभराने तो मासळीवालीच्या समोर सापडला. मार्केटच्या मागच्या बाजूला एक कोळीण बसते, तिच्या पाटीपासून चार पावलं अंतर राखून तो ताठ बसला होता. रांगेत असल्यासारखा. मी पोचले तेव्हा मला धाप लागली होती.

"कवापासून बसलाय," ती म्हणाली. "मागत नाय, काय नाय. तुमचा हाय?"

मी म्हटलं, हो, आमचा आहे. आणि त्याला म्हटलं, "ये इकडे." त्याने दुसरीकडे पाहिलं. आजूबाजूला पाच-सहा बायका सुरमई बघत होत्या. त्यांतली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई होती.

"हयसर ये मरे," मी म्हटलं. "घराक जावया."

तो उठला, आला आणि माझ्या पायाशी उभा राहिला. मी पट्टा घातला, या वेळी दोन भोकं आवळून. कोळणीने न मागता दोन डोकी कागदात बांधून दिली. मुलीच्या आईने विचारलं, "मॅडम, तुम्ही मालवणी?" मी म्हटलं, नाही.

आम्ही परतलो तेव्हा सोसायटीच्या गेटशी सासूबाई उभ्या होत्या. वॉकर धरून, घरातल्याच लुगड्यात, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात माझी. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, त्यांचा हात सासूबाईंच्या कोपराखाली. वॉचमनने खुर्ची आणून ठेवली होती, पण त्या बसल्या नव्हत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. पायापासून शेपटीपर्यंत तपासलं. मी बोलायला सुरुवात केली की पट्टा सैल होता, चूक माझीच होती.

"तू जेवलंस?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"चल, जेवया."

लिफ्टमध्ये त्या शिरल्या, मग मी. कुत्रा बाहेर थांबला, आत सासूबाईंकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच लिफ्टमध्ये आला. दार बंद झाल्यावर मला रडू आलं. सासूबाईंनी वॉकरवरचा एक हात काढून माझ्या दंडावर ठेवला आणि चौथा मजला येईपर्यंत तसाच ठेवला. कुत्रा दाराकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टला हे कळलं. त्याने आपल्या फाइलमध्ये प्रगतीची नोंद केली आणि व्यायामाचा उपयोग होतोय असं सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यासाठी छातीवरून बांधायचा पट्टा घ्यायला सांगितला. सासूबाई रोज संध्याकाळी खाली येऊ लागल्या, आधी वॉकर घेऊन, मग काठी. आम्ही तिघं कंपाउंडला एक फेरी मारायचो. फेरीला पंचवीस मिनिटं लागायची, कारण दोघांना वाटेत थांबून बघायला आवडायचं.

उन्हाळ्यात डोंगरावरून माकडं उतरली. दरवर्षी उतरतात, गच्चीवर वाळत घातलेलं पळवतात, पाण्याच्या टाकीचं झाकण काढतात. सासूबाईंनी फेरी मारताना दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं होतं की गावी हा एकटा सगळी बाग राखायचा, एक माकड माडाला हात लावत नसे. ते सेक्रेटरींपर्यंत गेलं. हे सेक्रेटरी म्हणजे लिफ्टमधल्या नोटिशीचे लेखक. ते स्वतः आमच्या दारी आले आणि कुत्र्याला जरा गच्चीवर आणता का असं विचारलं. नोटिशीचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी सकाळी दहा-बाराजण गच्चीच्या दाराशी जमले. टाकीवर तीन माकडं होती. मी कुत्र्याला सोडलं. तो गच्चीच्या मध्यापर्यंत गेला, माकडांकडे पाहिलं आणि बसला. मागच्या पायाने कान खाजवला. माकडांनी त्याला पाहिलं. मग त्यांतलं एक खाली उतरलं, कुणाचं तरी कुरडया घातलेलं प्लास्टिक ओढून नेलं आणि बाकीची दोन त्याच्यामागे गेली. कुत्रा सावलीत जाऊन आडवा झाला. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे.

मी खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"थय माड खय आसत?" त्या म्हणाल्या. "कित्याक भुकतलो?"

मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही सगळे गावी गेलो. सासूबाईंच्या ऑपरेशनला वर्ष व्हायला महिना बाकी होता, पण काठी घेऊन त्या चांगल्या चालत होत्या आणि घर उघडून बघायचा त्यांनी धोशा लावला होता. मला वाटलं होतं, कुत्रा गाडीतून उतरताच सुसाट धावत सुटेल. तो उतरला, अंग झटकलं आणि पडवीत जाऊन बसला. संध्याकाळी एकटाच फाटकाबाहेर गेला. दहा मिनिटांत परत आला, तेव्हा त्याच्या पुढच्या पायातून रक्त येत होतं. वाटेवरची त्याची जागा एका काळ्या कुत्र्याने घेतली होती. तरुण होता, जाडजूड. शेजारीणच त्याला भात घालायची.

पुढचे आठ दिवस आमचा कुत्रा फाटकाबाहेर गेला नाही. दुपारी पंख्याखाली झोपायचा आणि वीज गेली की उठून माझ्याकडे यायचा. गावातले लोक त्याला चाकरमानी म्हणू लागले. मुंबईला नोकरी करून सुट्टीत येणाऱ्यांना तिकडे असंच म्हणतात. एका सकाळी खळ्यात माकडं आली. या वेळी तो भुंकला, अगदी जोरात, पण पडवीची पायरी उतरला नाही. काळा कुत्रा कुंपणातून आत घुसला आणि त्याने माकडांना पार ओढ्यापर्यंत पळवलं. सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. त्यांनी खवणं थांबवून ते सगळं पाहिलं आणि पुन्हा खवायला लागल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं की त्या येणार नाहीत. नवऱ्याने खूप समजावलं. डॉक्टरांचं सांगितलं, पडण्याचं सांगितलं, शेवटी आवाज चढवला. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेजारीण रात्री झोपायला येईल, खळ्याला कठडा बांधून घेऊ, सगळं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मी मागच्या दारी भांडी घासत होते तिथे त्या काठी टेकत आल्या.

"ह्येका तू घेवन जा," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी हयच रवतंय. माझा घर हय आसा. तेचा आता थय."

"तुम्हाला सोबत नको?"

"तो काळो आसा मा. दोन दिस भात घालतंय तेका."

मला धक्का बसला, हे मी कबूल करते. ज्या कुत्र्यासाठी त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या, त्याची बदली त्यांनी दोन दिवसांच्या भातावर केली होती. मी म्हटलं, याला तुमची आठवण येईल. त्या म्हणाल्या, येईल चार दिवस. मग माझ्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी ते पुन्हा घासलं, कारण कडेला काळं राहिलं होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. बराच वेळ त्या तेच भांडं घासत होत्या.

सकाळी त्या गाडीपर्यंत आल्या नाहीत. चुलीवर पेज होती. पडवीतूनच कुत्र्याला "गप रव गाडयेत" असं सांगितलं आणि आत गेल्या. परतीच्या वाटेत तो एकदाच ओकला.

मुलुंडला आल्यावर त्याने पहिल्या दिवशी सासूबाईंच्या खोलीत जाऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. चार दिवस तो असा जात होता. पाचव्या दिवशी गेला नाही. मी मात्र त्या खोलीतली घंटी, दांडे आणि मॅट तशीच ठेवली.

त्या दर रविवारी फोन करतात. काळ्याच्या तक्रारी सांगतात, तो कोंबडीच्या मागे लागतो, ऐकत नाही, याच्यासारखा शहाणा नाही. त्यालाही त्या कुत्रो म्हणतात, त्यामुळे कधीकधी कुणाबद्दल चाललंय ते मला विचारून घ्यावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा कुत्र्याने त्यांचे पाय बराच वेळ हुंगले, काठी हुंगली, दोन वेळा शेपटी हलवली आणि पॅसेजमध्ये जाऊन बसला. "वळाखल्यान," त्या म्हणाल्या आणि त्याला ओलांडून आत आल्या.

ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. मी मोबाइलवर सहा अलार्म लावले. अलार्म वाजला की माझ्याआधी कुत्रा उठायचा आणि पलंगाजवळ जाऊन उभा राहायचा. मी त्यांची मान मागे करून थेंब घालेपर्यंत तो माझ्या हाताकडे बघत असे आणि बाटलीचं झाकण लागलं की जागेवर परत. पंधरा दिवसांत त्याने एकही वेळ चुकवली नाही. त्यानंतर नवरा त्यांना गावी सोडून आला. अलार्म बंद करायचे राहून गेले होते. दोन दिवस ते वाजत होते आणि तो उठून रिकाम्या पलंगाजवळ जाऊन उभा राहत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं आणि मी सहाही अलार्म काढून टाकले.